जोडाला गुंडाळलेलं सूत

माझ्या चुलत बहिणीचा कॉम्प्युटर एसीत राहायचा आणि माझा पत्र्याखाली. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा या एका गोष्टीवरून माझ्या घशाखाली घास उतरत नसे. माणसाला एसी मिळाला असता तर मी समजून घेतलं असतं. तिच्या डब्याला मिळाला होता, आणि मी माणूस असून घामानं निथळत बसले होते.

आमचं घर भिवंडीच्या नारपोलीत. खाली बाबांचे आठ माग, त्यांच्यामागे राहायच्या दोन खोल्या, आणि मागांच्या डोक्यावर लाकडी माळा. तिचं घर जवळच्या वळ गावात, गोदामांच्या रस्त्यावर, दोन मजली, जिन्याला स्टीलचा कठडा. तिचे वडील म्हणजे माझे सख्खे काका. दोघा भावांत एवढा फरक कसा पडला, ते सांगितल्याशिवाय माझी जळजळ कुणाला कळायची नाही, म्हणून सांगते. जमीन वाटायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या रितीप्रमाणे झालं. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे थोरल्याला लबाडी करायला वाव राहत नाही. बाबांनी दोन वाटे पाडले. खाडीकडची भाताची जमीन एक, आणि रस्त्याकडचं खडकाळ माळरान दुसरं. काकांनी माळरान उचललं. सगळं गाव हसलं म्हणे. बाबांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, धाकट्यानं चांगला वाटा आपल्यासाठी सोडला म्हणून.

पुढे रस्ता रुंद झाला आणि त्या खडकावर गोदामं उभी राहिली. आमच्या भाताच्या जमिनीत खाडीचं खारं पाणी शिरलं ते शिरलंच. पण बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "त्यानं माझ्यासाठी सोडला होता वाटा." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ती माझ्याहून सात महिन्यांनी लहान. मला ताई म्हणायची. लहानपणी दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातून शिवलेले असायचे आणि पाहुणे विचारायचे, जुळ्या काय गं तुम्ही? मग कधीतरी तिचे फ्रॉक दुकानातून यायला लागले आणि तो प्रश्न बंद झाला. ती स्वभावानं वाईट असती तर किती बरं झालं असतं. पण ती चांगली होती. जे काही नवं आणायची ते आधी मला दाखवायला धावत यायची, आणि मी "छान आहे" म्हणून तोंड फिरवायची. तिला वाटायचं, ताई अबोल आहे.

दहावी-बारावी कशीबशी झाल्यावर आम्ही दोघी भिवंडीतल्या एका क्लासला ग्राफ डिझाइन शिकायला लागलो. मागावर नक्षीचा काठ विणायचा तर आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकट भरून ठरवावं लागतं, कुठला धागा वर आणि कुठला खाली. पूर्वी हे हातानं रंगवायचे, तेव्हा नुकतं कॉम्प्युटरवर व्हायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू, यात मी तिच्यापेक्षा हुशार होते. लहानपणापासून मागाखाली रांगलेली पोर मी, कुठला धागा कुठं जाणार ते मला डोळे मिटून दिसायचं. तिला रंग कळायचे, मला वीण कळायची.

क्लासचे सर एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात डिझाइनचं काम बघायचे. त्या वर्षी पाडव्यानंतर त्यांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. म्हणाले, ऑफिसात एक खुर्ची रिकामी आहे. दोघींना एकच काम देतो, कोयरीच्या वेलीचा काठ आणि त्याचा पदर. चार आठवडे घ्या आणि ते संपले की सोमवारी सीडीत घालून आणा. जिचं सरस, तिची खुर्ची.

मला ती खुर्ची का हवी होती? तर रोज सकाळ-संध्याकाळ मी टोपलीभर कांड्या भरत होते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या बोटभर लाकडी दांड्यांवर सूत गुंडाळत होते, आणि हे काम मी मरेपर्यंत करणार असं घरात सगळे धरून चालले होते. तिला का हवी होती, तेही तिनं मला रिक्षात बसल्या बसल्या सांगून टाकलं. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. काकांनी शब्द दिला होता, काम लागलं तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढणार नाही, नाही लागलं तर मे संपायच्या आत बार उडवून देईन. "मला नाही करायचं गं ताई इतक्यात," ती म्हणाली. मी तिचा हात धरला नाही, पण ऐकलं सगळं.

आता माझ्या कॉम्प्युटरचं. तो मिस्त्रीचाचांनी जुन्या बाजारातून सुटे भाग आणून जोडून दिला होता. मिस्त्रीचाचा आमच्या मागांची दुरुस्ती करायचे, साठीचे, उत्तरेकडच्या मुलखातून कधीकाळी आलेले, मला बेटी म्हणायचे. डबा कामाचा होता, पण जागा वैरी होती. लाईट असली की माग चालू, माग चालू की रुई उडणार, आणि रुई उडाली की ती त्या प्रोसेसरवरच्या पंख्यात जाऊन बसणार. दोन दिवसांत पंख्याच्या पात्यांवर गोधडी तयार व्हायची. वर तापलेला पत्रा. दुपारी बारा वाजले की डबा टक करून बंद पडायचा आणि न साठवलेलं सगळं काम जायचं. लोडशेडिंगमुळे लाईट आधीच मोजकी, आणि होती तेवढ्यातही ही तऱ्हा. तिकडे ती गार खोलीत शाल पांघरून कोयऱ्या काढत असेल, हे डोळ्यांसमोर यायचं आणि मी ब्रशनं पंखा साफ करता करता दोन पाती मोडली.

मोडली ते बरंच झालं. खाली कामगारांच्या पिण्याच्या पाण्याचा माठ होता, ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवलेला. तापलेल्या प्रोसेसरला लागून भाजलेलं बोट मी माठाच्या पोटाला लावलं, आणि तिथंच सुचलं. पंखा हवा ओढतो म्हणून रुई येते. मग पंखा हवाच कशाला? डबा बंद करून टाकायचा, आणि आतली ऊब पाण्यानं बाहेर आणून माठात सोडायची.

चाचांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "बेटी, बिजली के डिब्बे में पानी? तेरे बाप को मालूम है?"

"तुम्ही सांगू नका म्हणजे झालं."

माणूस हौशी. जळालेल्या जुन्या पॅनेलमधली तांब्याची जाड पट्टी त्यांनी कापून, घासून आरशासारखी सपाट केली. भंगारातल्या फ्रिजची तांब्याची नळी वाकवून तिच्यावर डाग देऊन चिकटवली. ही पट्टी प्रोसेसरच्या पाठीवर बसायची. नळीच्या दोन टोकांना सलाईनच्या नळ्या, त्या खाली माठात, आणि माठात माशांच्या पेटीतला छोटा पंप. डब्याची सगळी भोकं मी मांजरपाटानं शिवून बंद केली. दिसायला असं दिसत होतं की डबा आजारी आहे आणि माठ त्याला सलाईन देतोय. बाबांनी माळ्यावर येऊन बघितलं आणि खाली जाऊन कामगारांना सांगितलं की आजपासून पाणी प्यायला दुसरा माठ आणा.

आणि ते चाललं. पहिल्याच दिवशी लाईट होती तेवढा वेळ, भर दुपारी, सलग चार तास. माठ बाहेरून पाझरत होता आणि आत पाणी जेमतेम कोमट. खाली आठ माग आदळत होते, रुई हिमासारखी उडत होती, आणि माझा डबा काही दादच देत नव्हता. मला पहिल्यांदा वाटलं, हे तिच्याकडे नाही.

तिसऱ्या दिवशी तो मेला. टक नाही, फट् झालं आणि जळका वास आला. मांजरपाट उसवून बघितलं तर बोर्डाच्या मधोमध पाणी. जोड मात्र सुके ठाक. मी हात लावून लावून बघितले, कुठं गळती नाही. मग पाणी आलं कुठून?

बाबांनी सांगितलं. तांब्याची नळी आणि सलाईनची नळी जिथं जुळत होत्या, तिथं मी सूत गुंडाळलं होतं. त्यात काय नवल, आमच्याकडे सगळ्यालाच सूत गुंडाळतात. कपाचा कान तुटला, गुंडाळ सूत. नळ गळतो, गुंडाळ सूत. खळ लावून कडक केलेलं सूत, करकचून आवळलं की लोखंडासारखं बसतं. मी त्याचं एक टोक तसंच वीतभर लोंबत ठेवलं होतं. ते टोक बाबांनी चिमटीत धरून पिळलं तर थेंब पडला.

"सूत पानी पितं गं," ते म्हणाले. "पितं आनि पुढं नेऊन सोडतं. धागा तुटू न्हाय म्हणून आपन रोज खाली पानी मारतो, आनि माग चालवनाऱ्याच्या पोरीला एवढं ठाव न्हाय?"

मला रडू फुटलं. बाबा जिन्याच्या पायरीवर बसून राहिले आणि म्हणाले, "आता ठाव झालं ना. बास झालं." चाचांनी कुठून तरी दुसरा बोर्ड पैदा केला. या वेळी मी जोडांना सायकलच्या व्हॉल्व्हची काळी रबरी नळी चढवली, वरून बारीक तार पिळली, सूत नावाला नाही, आणि मांजरपाट एका बाजूला पडद्यासारखं उचलता येईल असं लावलं. त्यानंतर तो डबा एकदाही बंद पडला नाही. पण माझा आठवडा गेला होता, आणि निम्मा काठ गेला होता.

याच सुमारास वळ गावात दिवसाची लाईट जायला लागली, सकाळी जी जायची ती दुपारी उशिरा यायची. काकांकडे इन्व्हर्टर होता, त्यावर कॉम्प्युटर चालायचा, एसी चालायचा नाही. एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद केलेल्या, उघडल्या तर गोदामांच्या ट्रकची धूळ. तिचा डबा माझ्यापेक्षा नवा आणि जास्त तापणारा. तोही टक करून बंद पडायला लागला. मला हे कळलं तेव्हा, देवा, मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ती धावत आली, नेहमीसारखी. काकूंनी दिलेला फणसाचा डबा हातात, जिना चढून सरळ माळ्यावर. माझी सगळी व्यवस्था बघून तिनं तोंडावर हात धरला. मग गुडघ्यांवर बसून प्रत्येक गोष्ट हात लावून बघितली. माठ, पंप, नळ्या. डब्याचा कापडी पडदा वर करून आत डोकं घातलं, बोट कुठं कुठं फिरवलं. "हे तू केलंस? एकटीनं? ताई, तू कसली आहेस गं!"

आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या फ्रॉककडे बघायची. मला ते इतकं गोड लागलं की मी तिला पुन्हा एकदा पाणी कसं फिरतं ते सांगितलं. मग ती म्हणाली, "मला पण करायचंय असं."

तिनं असं म्हणायला नको होतं.

मी म्हटलं, चाचांना विचार. तिला वाटलं, मी सोय सांगितली. दोन दिवसांनी, गुरुवारी, ती बाजारातून कोरी तांब्याची नळी घेऊन आली, पिवळीधमक, बांगडीसारखी चमकणारी. चाचांचा हात माझ्या वेळी अंदाज घेत होता, आता तो बसला होता. तिच्या नळीचे वेढे असे एकसारखे आले की बघत राहावं. माठ तिनं रंगवून घेतला होता, पाड्यावरच्या एका बाईकडून, पांढऱ्या रेघांची माणसं काढून. माझा माठ कळकट, एका बाजूला चेपलेला. चाचा त्याच संध्याकाळच्या गाडीनं मुलखाला निघणार होते, त्यांना घाई. हात पुसता पुसता ते तिला म्हणाले, "जोड़ कैसे लगाना है, वो तेरी दीदी बताएगी. इसमें वो मुझसे होशियार है."

मी दारात बसून कांड्या भरत होते. ती समोर येऊन उभी राहिली, तान्हं मूल धरावं तशी ती नळी दोन्ही हातांत. ऊन तिच्यावर पडलं होतं आणि माझ्या मनात आलं ते सांगते, लाज वाटली तरी सांगते. एवढी एकच गोष्ट माझी होती. जमीन गेली, कपडे गेले, एसी तर कधी नव्हताच. एक कळकट माठ माझा होता, आणि आता तोही हिच्याकडे माझ्याहून देखणा असणार. सर म्हणणार, वा, काय डोकं चालवलंस. कानामागून आली आणि तिखट झाली.

"ताई, जोडाला काय गुंडाळायचं?"

"सूत," मी म्हणाले.

तिनं नळीचं टोक बोटांत फिरवलं. "सूत?"

"खळीचं सूत. घट्ट." आणि टोपलीतली एक भरलेली कांडी उचलून मी तिच्या हातात दिली. एवढ्यावर थांबले असते तरी विसरायला सोपं गेलं असतं. पण कांडी मी माझ्या हातानं दिली. तिच्या घरी माग नव्हता, सूत आणणार कुठून, असा विचारही मीच केला.

ती निघून गेली. मी भरत असलेल्या कांडीचा धागा तुटला, तो मी जोडला आणि पुढचं भरत राहिले.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. हे तीन दिवस मी चांगलं काम केलं, हे सांगायला जीभ जड होते. पदर पुरा केला. कोयरीच्या आत कोयरी, तिच्या आत पान, असं काहीतरी माझ्या हातून उतरलं की मलाच आश्चर्य वाटलं. मध्येच उठून मी फोनपाशी जायची. दोनदा नंबर फिरवून ठेवला. शनिवारी तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा तिनंच उचलला.

"ताई, काय मस्त चाललंय गं. तीन दिवस एकदा पण बंद नाही पडला. एक थेंब गळत नाही."

मला माहीत होतं की थेंब जोडावर दिसत नाही. माझ्या तोंडात शब्द आले होते, अगं, सूत काढ, रबर लाव. एवढे चार शब्द. मी म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "काठ झाला?"

"उद्या होईल."

"बरं," मी परत म्हणाले, आणि फोन ठेवला. तेव्हा माझ्या मनात राग नव्हता. राग गुरुवारी होता. शनिवारी मी शांतपणे केलं ते, म्हणून शनिवार मला जास्त टोचतो.

सोमवारी मी ऑफिसात पोचले तर ती आधीच बाकावर बसलेली. हात रिकामे. डोळे सुजलेले, पण मला बघून सरकून जागा केली. म्हणाली, रविवारी दुपारी बंद पडला, जळाल्याचा वास आला, आतलं सगळं गेलं. सर भले माणूस, म्हणाले, आठ दिवस घे, परत काढ. तिनं नाही म्हणून मान हलवली. काकांनी घरी सांगून टाकलं होतं, झाले तेवढे खेळ पुरे. सरांनी माझी सीडी लावली आणि पदर मोठा करून कोपरा न् कोपरा बघितला. मग म्हणाले, हे मला काढता आलं नसतं, खुर्ची तुझी. ती माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होती. "सुंदर आहे गं ताई," ती म्हणाली, आणि ते खरं होतं आणि तिला ते खरंच वाटत होतं.

बाबा त्या आठवड्यात काकांकडे जाऊन आले. हातपाय धुऊन बसल्यावर म्हणाले, "पोरीनं सूत गुंडाळलं होतं जोडाला. तिला बिचारीला काय ठाव. तिच्या घरी माग कुठं हाय." असं म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. कपाच्या कानाला सूत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना कळलं होतं का, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारू शकले नाही.

मेच्या शेवटी तिचं लग्न. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी, अख्खा गाव लोटतो. मी करवली, म्हणून सकाळपासून तिच्या शेजारी पाटावर. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण म्हातारी कोपऱ्यात बसून एकसुरात गात होती. नवरीच्या मनगटाला हळकुंड बांधतात, त्याचं सूत नेहमी आमच्या घरून जातं, घरच्या मागाचं म्हणून. बाबांनी आठवणीनं कांडी आणली होती. ती ताटात ठेवलेली बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं. काकू म्हणाल्या, बांध गं, तू थोरली.

मी सूत हळदीच्या पाण्यात बुडवलं. तिनं मनगट पुढं केलं. मी वेढे द्यायला लागले. आजूबाजूला बायकांचा इतका गलका होता की आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं. ती खाली मान घालून त्या वेढ्यांकडे बघत होती, आणि म्हणाली, "तुझ्याकडे काळं रबर होतं ना ताई?"

माझे हात थांबले.

"मी पडदा वर करून बघितलं होतं त्या दिवशी. बोट पण लावलं होतं. सायकलचं रबर आणि वर तार." ती अगदी हळू, रोजच्यासारखी बोलत होती. "मग तू म्हणालीस सूत. मला वाटलं, मीच चुकीचं बघितलं असेल. ताई कशाला खोटं सांगेल."

क्षमा वगैरे शब्द असतात, ते पुस्तकात असतात, माझ्या तोंडात आले नाहीत. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिच्या हळदीच्या हातावर पडलं, तर तिनं दुसऱ्या हातानं ते पुसून टाकलं, कुणाला दिसू नये म्हणून.

"गाठ मार," ती म्हणाली. "बघतायत सगळ्या."

मी गाठ मारली.

"आणि ती खुर्ची सोडू नकोस. आता रडशील आणि सोडशील, मला माहीत आहे तू कशी आहेस. सोडलीस तर माझं उगाच गेलं."

धवलारणीचं गाणं संपलं होतं, दुसरं सुरू व्हायचं होतं. काकूंनी हळदीची वाटी माझ्या हातात दिली. मी तिच्या गालांना हळद लावली, मग कपाळाला, मग पावलांना, आणि सोमवारी सकाळी साडेनऊला कामावर गेले.